कमरेएवढा हत्ती

लाकडी बैलाचं चाक नरहर मुळावकराच्या अंगठ्यावरून गेलं आणि नखाखाली कळ उठली, तेव्हा त्याने खाली पाहिलं. तान्हा पोळा होता. यवतमाळच्या बाजाररस्त्यावर घोट्याएवढा चिखल होता आणि त्या चिखलातून नवे कपडे घातलेली पोरं आपापले लाकडी बैल चाकांवर ओढत मैदानाकडे चालली होती. मागे त्यांच्या आया, हातात आरतीची ताटं, ताटांवर माश्या. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा झाला होता. त्यांचं शेण, झुलींचे सुटलेले गोंडे, दारोदारी खोचलेल्या पळसाच्या डहाळ्या, सगळं रस्त्यात पडून कुजायला लागलं होतं. नरहरला या सणाची दरवर्षीच शिसारी येई. पुरणाचे हात फ्रॉकला पुसणाऱ्या मुली, घरोघरी बैल नेऊन बोजारा म्हणून पैसा-दोन पैसे अन् खाऊ मागणारी मुलं, आणि तो देताना स्वतःवरच खूष होणारी मोठी माणसं. तो शिवी हासडणारच होता, पण त्याची नजर बैलावर पडली आणि तिथेच अडकली. कुण्या कापसाच्या जिनवाल्या शेठच्या घरचा बैल असावा, पांढराशुभ्र रंगवलेला, दोरी धरणाऱ्याच्या बरोबर कमरेएवढा. शिंगं मात्र भरपूर, बाकदार, टोकांना पितळी शेंब्या चढवलेल्या. वशिंड भरलेलं. त्याला कुणी वासरू म्हटलं नसतं. सुताराने बैल लहान केला होता, त्याचं वय लहान केलं नव्हतं. मागून येणाऱ्या एका बाईने 'सरका नं भाऊ' म्हटलं, तसा नरहर सरकला, आणि सरकता सरकता त्याला कळलं की आपला हत्ती मेला.

हा हत्ती त्याच्याजवळ बरीच वर्षं होता. मिशनचा एक डॉक्टर गाशा गुंडाळून विलायतेला गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात नरहरने पुठ्ठा नसलेलं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. आत इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींची चित्रं. थीब्जच्या डोंगरात रेखमिरे नावाच्या वजिराचं थडगं आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतीवर देशोदेशीचे लोक नजराणे घेऊन रांगेत चालले आहेत. कुणाच्या खांद्यावर हस्तिदंत, कुणाच्या हातात सुरया, कुणाच्या दोरीला अस्वल. आणि सीरियाकडच्या दाढीवाल्या माणसांच्या रांगेत एक हत्ती. माणसाच्या कमरेएवढा. पिल्लू म्हणावं तर सुळे पूर्ण वाढलेले, आणि अंगावर केसांसारख्या रेघा. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा नरहरच्या पोटात काहीतरी आनंदाने हललं होतं. पुढे शाळेत प्रेमसिंग हा विज्ञानाचा शिक्षक आला, आणि त्याने सांगितलं की माल्टा, सायप्रस अशा बेटांवर खुज्या हत्तींची हाडं सापडली आहेत, पुरत्या वाढलेल्या पण वासराएवढ्या हत्तींची, आणि ती जात इतिहास सुरू व्हायच्या आधीच संपली असं शास्त्रज्ञ मानतात. मग नरहरचं सगळं जुळलं. ती जात संपली नव्हती. एखादा कळप कुठल्या तरी बेटावर उरला होता, त्यातला एक कुणीतरी दोरी लावून वजिरापुढे उभा केला होता, आणि एका चित्रकाराने तो डोळ्यांनी पाहून काढला होता. हे जगात दुसऱ्या कुणाच्या लक्षात आल्याचं नरहरच्या वाचनात नव्हतं. यवतमाळच्या एका खाजगी शाळेतल्या इतिहासाच्या मास्तराच्या ते लक्षात आलं होतं.

त्या हत्तीखेरीज स्वच्छ असं त्याच्याजवळ काही नव्हतं. नरहरला किळस फार. शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्याच्या ओठांना लागलेली कड आपल्या ओठांना लागू नये म्हणून तो घरून स्वतःचा पेला आणी. वह्यांच्या पानांना चिकटलेली भाताची शितं, फळा पुसायच्या फडक्याचा आंबूस वास, पावसाळाभर गावावर पसरलेला सरकीच्या पेंडीचा खवट दर्प, बोलता बोलता किल्लीने कान कोरून ती किल्ली पुन्हा टेबलावर ठेवणारे शाळा समितीचे अध्यक्ष दीनानाथ वकील, अशा सगळ्यांची. माणसांच्या तोंडांची तर विशेषच. तोंडं खातात, आणि पुसायच्या आतच साहेब साहेब करायला लागतात, हे त्याने फार पाहिलं होतं. असा दिवस गिळून झाला की संध्याकाळी तो ते पान उघडून बसे. तिथे समुद्र होता, जो त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बेट होतं, बेटावर गवत, वारा, आणि गवतातून चालणारा, कुणाच्याच ओळखीचा नसलेला, केसाळ, कमरेएवढा हत्ती. हे सगळं खोटं असू शकतं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. नजराण्यातली जनावरं चित्रकार मुद्दाम लहान काढत, जागा पुरावी म्हणून आणि वजिरापेक्षा काही मोठं दिसू नये म्हणून, असं त्याच पुस्तकाच्या तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलं होतं. ती तळटीप त्याने वाचली होती आणि पान उलटलं होतं.

आणि आता तीनच दिवसांवर गणपती बसायचे होते. दीनानाथ वकील गणेश मंडळाचेही अध्यक्ष. त्यांना गाठून, त्यांच्या मागे लागून, प्रेमसिंगने व्याख्यानमालेत नरहरचं व्याख्यान ठेवायला लावलं होतं. हा प्रेमसिंग पुसदकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून फिरलेले. बाप धावजी आता शेती करत होता आणि प्रेमसिंग तांड्यातला पहिला पदवीधर होता. नरहरच्या हत्तीवर त्याचा विश्वास खुद्द नरहरपेक्षा जास्त. 'सर, एवढे लोकं पाहून राह्यले अन् कोणाले दिसून नाही राह्यलं,' असं तो म्हणे आणि त्याचे डोळे लकाकत. त्याने मोठ्या कागदावर चौकटी आखून त्या भिंतीचं चित्र मंडपात टांगायला म्हणून चांगलं चार-पाच हात मोठं काढायला घेतलं होतं. बापालाही निरोप धाडला होता की आमच्या मुळावकर सरांनी शोध लावला आहे, ऐकायला ये. महाराष्ट्र राज्य होऊन दुसरंच वर्ष होतं. आपल्याकडच्या माणसाने काही शोधून काढलं म्हटलं की लोकांचे कान टवकारत. नरहरलाही ते हवंहवंसं वाटलं होतं, हे कबूल करायला पाहिजे. ठणकत्या अंगठ्याने चिखलातून घरी जाताना त्याला ते सगळं आठवलं.

घरी शीलाने अंगठा पाहिला, काही न विचारता हळद दाबली आणि पान वाढलं. कालच्या पुरणाच्या पोळ्या होत्या, त्यांवर तूप थिजलेलं. नरहरने एक तुकडा मोडला आणि तो तसाच बोटांत धरून बसला. शीला त्याची बायको होऊन बारा पावसाळे उलटून गेले होते. तिला हे बसणं पाठ होतं. 'तुम्हाला कशाची किळस येत नाही तेवढं एकदा सांगा,' ती म्हणाली, 'तेच रांधत जाईन.' त्याने तिला सांगितलं की हत्तीचं आपलं चुकलं असावं. मग बैलाचं सांगितलं, शिंगांचं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं, आणि तिला ते लगेच पटलं, याचाच त्याला राग आला. इतकी वर्षं तिने हत्तीला हो म्हटलं होतं ते काय, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, तुम्ही त्या पानापाशी बसलात की तुमचा चेहरा बरा दिसायचा, म्हणून. मग व्याख्यानात काय सांगू, असं त्याने विचारलं तेव्हा ती ताट उचलत होती. 'जे सांगितल्यावर तुम्हाला जेवण जाईल ते सांगा,' ती म्हणाली. त्याने तो तुकडा तोंडात टाकला.

थिजलेलं तूप टाळूला चिकटलं आणि त्याला वडिलांचा हात आठवला. वडील इंग्रज साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क. नाताळ आला की साहेबाच्या बंगल्यावर डाली जायची, म्हणजे नजराण्याच्या टोपल्या: संत्री, सुकामेवा, पाय बांधलेल्या कोंबड्या. गावोगावचे पाटील, ठेकेदार, दलाल हिरवळीपाशी रांगेने उभे राहत, आणि कोण पुढे अन् कोण मागे हे वडील ठरवत. एका वर्षी कुण्या तांड्यावरच्या माणसाने दोरीला बांधून चितळाचं पाडस आणलं होतं. पायांच्या नुसत्या काटक्या आणि कान मोठे. साहेबाला विलायतेहून आलेल्या नाताळच्या कार्डावर वडिलांनी एक जनावर पाहिलं होतं, बर्फावरून गाडी ओढणारं, डोक्यावर शिंगांचं झाड असलेलं. साहेबाच्या लेकरांसाठी तसंच करून देऊ, असं त्यांच्या डोक्यात आलं. कचेरीच्या भिंतीवर टांगलेली चितळाची शिंगं त्यांनी उतरवली आणि अंबाडीच्या सुतळीने ती पाडसाच्या डोक्याला बांधली. पाडसाची मान धरायला नरहर होता. शिंगांच्या बुडाला जुनं कातडं चिकटलेलं होतं, त्याला मेलेल्या उंदरासारखा वास होता, आणि सुतळी आवळणाऱ्या वडिलांच्या बोटांना सकाळच्या शिऱ्याचं तूप होतं. ओझ्याने पाडसाची मान खाली जाई आणि तांड्यावरचा तो माणूस दोरीने ती वर ओढी. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. साहेब हसला, मडम हसली, आणि मग वडील हसले. हात जोडून, मान एका बाजूला घालून हसले, आणि हसताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी थुंकी साचली. ती त्यांनी पुसली नाही, कारण हात जोडलेले होते. नरहरही हसला होता. त्या पाडसाचं पुढे काय झालं हे त्याने कधी विचारलं नाही, आणि तेव्हापासून त्याला कुणाच्याही हातचं तूप गोड लागलं नाही.

एवढं सगळं इतकी वर्षं कुठे होतं, ते त्याला कळेना. कारण ते तर समोरच होतं, त्याच्याच पुस्तकात, त्या भिंतीवर. रांग तीच, दोऱ्या त्याच, टोपल्या त्याच. वजिराला मोठे सुळे बघून बरं वाटावं, आणि हत्ती मात्र वजिराहून उंच दिसू नये, म्हणून कुण्या पोटार्थी चित्रकाराने लहान अंगाला मोठे सुळे लावून दिले होते. कुठल्याही बेटावर वारा वाहत नव्हता. आपण बेटावर जाऊन बसतो असं नरहर रोज संध्याकाळी समजत होता आणि बसत होता साहेबाच्या बंगल्यात, वडिलांच्या शेजारी, पाडसाची मान धरून. तो उठला, मोरीत गेला आणि घशात बोटं न घालताच त्याला उलटी झाली. शीला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली आणि पुरण आंबलं असेल म्हणाली. त्याने मान हलवली.

प्रेमसिंगला सांगायचं म्हणून तो दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर गेला. खोली ओलीने भरलेली, भिंतीला बुरशी, कोपऱ्यात जवारीचं पोतं, आणि जमिनीवर तो भला मोठा कागद अंथरलेला. त्याच्यावर गुडघे टेकून प्रेमसिंग बारीक कुंचल्याने हत्तीच्या पाठीवर केस काढत होता. जीभ दातांत धरलेली, कपाळावर घाम. पुस्तकातल्या चित्रात केसांच्या रेघा मोजक्या होत्या. इथे पाठ चांगली दाट झाली होती. नरहर दारात उभा होता आणि शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात प्रेमसिंगने वर पाहिलं. 'केस अजून दाट करू का, सर? मागं बसणाऱ्याले दिसले पाह्यजे.' नरहर म्हणाला, कर. मग तो तिथे बराच वेळ बसला, प्रेमसिंगने केलेला चहा पेल्याची कड चाचपडत कसाबसा प्याला, आणि केस उमटताना बघत राहिला. त्या कुंचल्याखाली हत्ती खरा होत चालला होता. आपल्याला हे आवडतं आहे, हे ध्यानात आल्यावर त्याला आपल्याच हातापायांची घाण वाटायला लागली. घरी जाऊन त्याने भर दुपारी विहिरीवर आंघोळ केली.

व्याख्यानाच्या दिवशी मंडप खचाखच भरला होता. ओल्या चपला, उदबत्त्या, केवडा, घाम, शेंगदाणे. दिव्यांभोवती पाखरांचा थवा, आणि पाखरं श्रोत्यांच्या मानेवर पडत होती. गणपतीच्या डाव्या हाताला चित्र टांगलेलं. पुढच्याच रांगेत प्रेमसिंगचा बाप धावजी लाल पागोटं बांधून बसला होता, शेजारी आई रुपीबाई आरशांची ओढणी घेऊन. दोघंही चित्राकडे टक लावून पाहत होती. नरहर बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. त्याने वजिराचं सांगितलं, नजराण्यांचं सांगितलं, मग बेटांवरच्या हाडांचं. गवत, वारा, शेवटचा कळप हे सांगताना त्याचा स्वर चढला, लोक पुढे झुकले, आणि त्याला वाटलं की इथेच थांबावं, कुणाचं काय जातं. मग तो म्हणाला, 'इतकी वर्षं मी हे मानत होतो. ते चूक आहे.' आता कारण द्यायचं होतं. कारणं दोन होती, आणि पाडसाचं कारणच खरं होतं, कारण त्यात ती सगळी रांग होती, जोडलेले हात होते, थुंकी होती. नरहरने धावजीच्या लाल पागोट्याकडे पाहिलं. त्या तांड्यावरच्या माणसाचं पागोटंही लालच होतं. अध्यक्षांच्या खुर्चीत दीनानाथ वकील बसले होते, ज्यांनी वडिलांना चांगलं ओळखलं होतं आणि जे अजून त्यांचं नाव देवमाणूस म्हणून घेत. त्याची जीभ पाडसापर्यंत गेली आणि वळली. त्याने लाकडी बैलाचा विषय काढला. आपल्या तान्ह्या पोळ्याचा बैल कमरेएवढा असतो, पण त्याची शिंगं पुऱ्या बैलाची असतात, म्हणून कुणी खुज्या बैलांची जात होती असं म्हणत नाही, तसंच हे. हे त्याने फार छान सांगितलं. तान्हा पोळा म्हटल्याबरोबर मंडपात खसखस पिकली, बायका एकमेकींकडे बघून हसल्या, आणि तो खाली बसला तेव्हा टाळ्या पडल्या. सगळं सुटल्यासारखं त्याला क्षणभर वाटलं.

मग दीनानाथ वकील उठले. त्यांनी शाल सावरली, घसा साफ केला. 'मुळावकर सरांनी आज एक फार मोठी गोष्ट सिद्ध करून दाखवली,' ते म्हणाले. 'आपला हा वऱ्हाडातला तान्हा पोळा साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या दरबारात साजरा होत होता. फरक इतकाच की तिथे बैलाच्या जागी हत्ती. आणि हत्ती म्हणजे कोण, हे या मंडपात मी सांगायची गरज नाही.' टाळ्यांनी मंडप दणाणला. मघाच्या टाळ्या काहीच नव्हत्या. नरहर अर्धवट उठला, 'नाही, मी तसं' एवढं त्याच्या तोंडून निघालं, पण कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला आणि तो हार ओला, गार, झेंडूच्या कुजक्या देठांचा होता. आरतीची घंटा सुरू झाली. एका बाईने पुढे होऊन चित्रातल्या हत्तीच्या कपाळाला कुंकू लावलं, दुसरीने कागदाच्या कडेला दूर्वा खोचल्या. नरहर माणसांत दाबला गेला होता, समोर शंभर तोंडं उघडी होती, आणि त्याचे हात टाळ्या वाजवत होते. त्यातल्या त्यात हातांना तरी थांबव, असं तो स्वतःला म्हणत होता. आरती संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

लोक पांगल्यावर प्रेमसिंग चित्र उतरवत होता. नरहर त्याच्याजवळ गेला, प्रसादाचा लाडू हातात तसाच. प्रेमसिंगने त्याच्याकडे न बघता सुतळीची गाठ सोडली. 'मले आधी सांगाले पाह्यजे होतं, सर,' तो म्हणाला. 'मी केस काढून राह्यलो होतो तवा तुम्ही तिथं बसून होते.' धावजी काय म्हणतात, असं नरहरने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. बापू लय खूष आहे, प्रेमसिंगने सांगितलं; त्याचं म्हणणं की आपलेच लोक बैल घेऊन तिथवर गेले असतील आणि त्यांनीच त्यांना पोळा शिकवला असेल. मग कागद गुंडाळता गुंडाळता तो थांबला. 'आधीचं खोटं असन, पण ते तुमचं होतं. हे आता कोणाचं आहे?' त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून नरहरला जास्त लागलं. आत्ता पाडसाचं सांगावं, दोरी धरणाऱ्याचं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. प्रेमसिंगचे स्वच्छ, नखांत अजून रंग उरलेले हात त्याने पाहिले आणि त्याला धीर झाला नाही. हत्तीच्या कपाळावरचं कुंकू पुसून घे, एवढंच तो म्हणाला. प्रेमसिंगने अंगठ्याने घासून पाहिलं. ते कागदात मुरलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात प्रेमसिंगला पुसदच्या शाळेत जागा मिळाली आणि तो निघून गेला. चित्र मंडळाच्या खोलीतच राहिलं. नरहरने त्यानंतर ते पान उघडलं नाही. पुस्तक शीलाने ट्रंकेत टाकलं. शाळेत मात्र त्याचा मान वाढला होता. इजिप्तवाले सर म्हणून लोक त्याला बोट दाखवत, आणि दीनानाथ वकील आताशा त्याला समोरच्या खुर्चीत बसवून कान कोरत. पावसाळा आला, सरकीच्या पेंडीचा वास आला, पोळा आला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बैलांच्या सजावटीला बक्षिसं द्यायची होती आणि परीक्षक म्हणून मुळावकर सरांशिवाय दुसरं कोण असणार, असं वकिलांनीच ठरवलं. नाही म्हणायला म्हणून नरहर त्यांच्या घरी गेला, आणि दुधी हलवा खाऊन परत आला.

मैदानावर बैल रांगेने उभे होते. नरहर एकेकापाशी थांबत, मान हलवत, पुढे जात होता. रांगेच्या शेवटी, त्याच जिनवाल्या शेठच्या घरच्यांनी ह्या वर्षी बैल आणला नव्हता. चाकांच्या फळीवर हत्ती उभा होता. कमरेएवढा, काळसर रंगाचा, सुळे पुरते वाढलेले, बाकदार, टोकांना पितळी शेंब्या. सुताराने मंडळाच्या खोलीतलं चित्र नीट पाहिलं असावं, कारण हत्तीच्या पाठीवर त्याने पटाशीने केस कोरले होते, एकेक, दाट, मागून बघणाऱ्यालाही दिसावेत असे. कपाळावर कुंकू होतं. नरहर खाली वाकला. नुकत्याच तासलेल्या सागाचा वास आला, आणि त्या वासाबरोबर गवत आलं, वारा आला, न पाहिलेला समुद्र आला, आणि त्याच्या पोटात ते पहिल्या दिवशीचं काहीतरी पुन्हा आनंदाने हललं. त्या आनंदाइतकी किळस त्याला कशाचीच आली नव्हती. भोवती माणसं गोळा झाली होती, खात होती, वाट पाहत होती. त्याच्या बोटांना मघा मैदानात वाटलेल्या शिऱ्याचं तूप होतं. दीनानाथ वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'बोला सर,' ते म्हणाले, 'पहिला नंबर कोणाले देता?'

नरहरने हत्तीकडे बोट केलं. टाळ्या पडल्या, शेठचे लोक हात जोडून पुढे आले, आणि त्यांना नमस्कार करायला त्यानेही हात जोडले, मान एका बाजूला घातली आणि हसला. हसताना त्याला ओठाच्या कोपऱ्यात काही ओलं लागलं. रुमाल खिशात होता. लोक अजून नमस्कार करत होते, म्हणून त्याने हात तसेच जोडून ठेवले.